दोन अंशांचा कल

सिक्स्टन रोसेनदालच्या गाडीने सरळ जाणे सोडले ते मार्चच्या पहिल्या रविवारी, आणि त्या अनर्थाचे मूळ कॉफीच्या थर्मासात होते. त्याच्या पत्नीने, गुनवोरने, तो थर्मास घाईघाईत रिमोटच्या पिशवीत खुपसला. थर्मासाच्या कानाने रिमोटवरील, गाडीची सरळ चाल जुळवणारी, नखाएवढी एक सरकपट्टी मध्यावरून तीन खाचा डावीकडे ढकलली, आणि शेजारी असलेल्या वेलदोड्याच्या गोड पावांनी आपली साखर त्या खाचांत सांडून ती पट्टी तेथेच पक्की बसवली. काळ्या रिमोटवरील ती काळी पट्टी एकाहत्तर वर्षांच्या डोळ्यांस दिसावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

गाडी म्हणजे हातभर लांबीची, बॅटरीवर धावणारी, रिमोटच्या इशाऱ्याने वळणारी शर्यतीची गाडी. अल्मफोर्स गावी शाळेच्या व्यायामशाळेत दर रविवारी राखाडी गालिचा अंथरून, त्यावर लाकडी पट्ट्यांनी वळणे आखून, आमचा क्लब या गाड्यांच्या शर्यती लावीत असे. तेथील रबराचा, कॉफीचा आणि कित्येक पिढ्यांच्या घामाचा मिश्र वास ज्याने एकदा घेतला, त्यास तो जन्मभर विसरता येत नाही.

त्या रविवारी सरावात सिक्स्टनची गाडी सुटली, आणि सरळ रस्त्यावर हळूहळू डावीकडे झुकत भिंतीवरच्या लाकडी शिडीवर जाऊन आदळली. पुन्हा सोडली, पुन्हा आदळली.

"काय रे सिक्स्टन, गाडीला घरची आठवण आली वाटतं," त्याचा जुना प्रतिस्पर्धी अल्वार म्हणाला. "सारखी दाराकडंच पळतेय."

"डाव्या चाकाचा कल बिघडलाय."

"रिमोटवरची पट्टी बघ की जरा," क्लबाची अध्यक्ष इंगेला म्हणाली. "हलली असेल."

सिक्स्टनने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी नजर पाद्री रविवारी घोरणाऱ्याकडे टाकतो.

"एकतीस वर्षांत मी त्या पट्टीला बोट लावलेलं नाही, इंगेला. ती पट्टी म्हणजे आळशी माणसाचा पाना. गाडी काय सांगायचं ते चाकांतून सांगते. ऐकणारा पाहिजे."

येथे कलाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. शर्यतीच्या गाडीची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असावी लागतात. किती झुकवावी, यावर वळणावरची पकड अवलंबून असते. या झुकण्यासच आम्ही कल म्हणतो आणि तो अंशांत मोजतो. सिक्स्टन बसडेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक असल्याने मोजमापावर त्याची धर्माइतकीच श्रद्धा होती. त्याने स्वतः घडवलेला पितळी कोनमापक पाव अंशाचा फरकही दाखवीत असे.

तथापि या वेळी प्रश्न केवळ एका चाकाचा नव्हता. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्या व्यायामशाळेतील अखेरची शर्यत व्हायची होती, कारण एप्रिलात ती इमारत पाडून तेथे नवी शाळा उभी राहणार होती. त्याच आठवड्यात अल्वार आपले घर विकून मुलीकडे माल्मोला राहावयास जाणार होता. आणि जुन्या गाड्यांच्या गटात अल्वार एकतीस वर्षे पहिला व सिक्स्टन एकतीस वर्षे दुसरा आला होता. मधल्या काळात सरकारे बदलली, कागदाचा कारखाना बंद पडला, चर्चचे छप्पर दोनदा बदलले गेले, परंतु हा क्रम बदलला नाही. अल्वारला एकदा, फक्त एकदा, हरवावे, आणि तेही याच गालिच्यावर हरवावे, एवढीच सिक्स्टनची इच्छा होती. आणि त्यासाठी आता तीन रविवार उरले होते.

त्याने कधी आळस केला, असे म्हणता येणार नाही. आमच्या क्लबाचा एक दंडक होता: जो जिंकेल त्याने आपल्या गाडीच्या सर्व मापांचा कागद भरून फळ्यावर लावायचा, म्हणजे इतरांस शिकता यावे. एकतीस वर्षे त्या फळ्यावर अल्वारचा कागद झळकला आणि एकतीस वर्षे सिक्स्टनने तो वहीत उतरवून घेतला. पुढची चाके, कल दोन अंश. मागची चाके, दीड. घरी जाऊन तो कोनमापकाने आपली गाडी तंतोतंत तशी करी, आणि पुढच्या हंगामात दुसरा येई.

सोमवारी सकाळी त्याने काम आरंभिले. स्वयंपाकघरातील टेबल मध्यभागी किंचित फुगलेले असल्याचे त्याच्या ध्यानी आले, म्हणून त्याने दिवाणखान्यातील मोठा आरसा भिंतीवरून उतरवून टेबलावर आडवा ठेवला, कारण घरात तेवढीच एक वस्तू निर्दोष सपाट होती.

"आणि जेवायचं कुठं?" गुनवोरने विचारले.

"खिडकीच्या कट्ट्यावर. थोडेच दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"सरळ जाईपर्यंत."

"सिक्स्टन, मला आत्ता तुझ्या त्या आरशात वाकून केस विंचरावे लागले. हनुवटी खालून कशी दिसते, ते या वयात कुणी बघू नये."

डाव्या चाकाचा कल त्याने अडीच केला. परंतु परीक्षा घ्यावी कोठे? व्यायामशाळा रविवारीच उघडी असे. त्यांच्या इमारतीच्या तळघरात मात्र सर्व बिऱ्हाडांची सामाईक धुलाईखोली होती, आणि तिच्यासमोर वीस मीटरांचा सरळ, गुळगुळीत बोळ. त्या वेळी तो बोळ दुसऱ्या कोणाच्या टोपल्यांनी अडलेला नसावा, एतदर्थ धुलाईच्या वहीत स्वतःचे नाव लिहिणे भाग होते. सिक्स्टनने मंगळवारी सकाळी सात ते दहा लिहिले. गाडी बोळातून निघाली आणि डावीकडच्या भिंतीस लागली. मग बुधवार लिहिला. मग गुरुवार व शुक्रवार.

आमच्या देशात शेजाऱ्याने मोठ्याने संगीत लावले तर माणूस सहन करतो, त्याच्या कुत्र्याने दारात घाण केली तरी एखादे वेळी सहन करतो. परंतु धुलाईची वेळ घेऊन न धुणारास क्षमा नाही. शुक्रवारी यंत्रावर चिठ्ठी चिकटली होती:

"ज्यांना कपडे धुवायचे नसतात, त्यांनी वेळ का अडवावी? यंत्राचा ड्रम कोरडा होता. मी हात घालून बघितला आहे."

सही नव्हती, परंतु अक्षर वरच्या मजल्यावरील श्रीमती बर्गलिंद यांचे आहे, हे सर्व इमारत ओळखत असे.

"माझं नाव आहे त्या वहीत," गुनवोर म्हणाली. "रोसेनदाल. तुझं एकट्याचं नाही."

"मग धू ना काहीतरी."

"काय धुऊ? सगळं धुतलेलं आहे!"

"पडदे?"

अशा रीतीने गुनवोरने निष्कलंक पडदे उतरवून धुतले. मग उशांचे अभ्रे. मग नाताळचे टेबलक्लॉथ. ती यंत्राशी बसे आणि तिच्या पायांजवळून गाडी डावीकडे जाई. डावा कल तीन झाला, साडेतीन झाला. उजवे चाक जवळजवळ उभे झाले. डाव्या स्प्रिंगा घट्ट केल्या, उजव्या सैल. तरीही गाडी ऐकेना, तेव्हा त्याने मागची दोन्ही चाकेच किंचित डावीकडे वळवली.

खिडक्यांस पडदे नाहीत, भिंतीवर आरसा नाही, आणि नवरा-बायको खिडकीच्या कट्ट्यावर एकमेकांकडे पाठ करून जेवत आहेत, हे दृश्य रस्त्यावरून स्पष्ट दिसत असे. त्यावरून लोकांनी जो निष्कर्ष काढावा तोच काढला. दुसऱ्या आठवड्यात श्रीमती बर्गलिंद स्वतः फुलांची कुंडी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"गुनवोर, मी काही विचारायला आले नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एवढंच सांगते, वाटणीत आरसा तू ठेव. पुरुषांना आरसा लागत नाही."

"आरसा त्याच्याच ताब्यात आहे," गुनवोर थकून म्हणाली. "रात्रंदिवस."

श्रीमती बर्गलिंद यांनी कुंडी तिच्या हाती दिली आणि तिला मिठी मारली.

शेवटच्या आठवड्यात सिक्स्टनचा धीर सुटला, आणि जे त्याने एकतीस वर्षांत शर्यतीच्या तोंडावर कधी केले नव्हते ते केले: त्याने अल्वारला फोन केला. अल्वार हा भिंतींवर शोभेचा कागद चिकटवणारा कारागीर. निम्म्या अल्मफोर्सच्या बैठकीच्या खोल्या त्याच्या हातच्या होत्या, आणि त्याने लावलेला पट्टा कोठेही केसभर वाकडा सापडत नसे.

"सामान बांधतोय," अल्वार म्हणाला. "बत्तीस कप वर्तमानपत्रात गुंडाळले. त्यात एक तुझा निघाला. दुसऱ्या नंबरचा, अठ्ठ्याण्णव सालचा. चुकून माझ्याकडं आलाय. परत हवा का?"

"ठेव तुला. माझ्याकडं तसले पुष्कळ आहेत."

दोघेही हसले.

"अल्वार, तुझ्या पुढच्या चाकांचा कल अजून दोनच ना?"

"कल?" पलीकडे कागदाची चुरचुर थांबली. "हो. दोन. म्हणजे... कागदावर असतो तोच."

"तेवढंच विचारायचं होतं."

"सिक्स्टन, माल्मोत असला क्लब आहे म्हणे. पोरगी सांगत होती. पण तिथं कोण ओळखतंय आपल्याला."

"तुला पहिला नंबर ओळखेल की," सिक्स्टन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. ठेवल्यावर बराच वेळ तो आरशातील स्वतःच्या हनुवटीकडे पाहत बसला.

अखेर शनिवारी सकाळी गाडी बोळातून सरळ गेली. ती सरळ जाताना खेकड्यासारखी तिरपी दिसत होती, एक चाक लवून नमस्कार करीत होते आणि दुसरे ताठ उभे होते. परंतु ती सरळ गेली. भिंतीस लागली नाही. सिक्स्टनने गुनवोरच्या गालाचे चुंबन घेतले. ती तेव्हा तिसऱ्यांदा तेच पडदे धूत होती.

रविवारी व्यायामशाळा भरून गेली. जे दहा वर्षांत आले नव्हते तेही आले. आपापले जुने टेबल कोणत्या खिडकीखाली असे, ते लोक एकमेकांस दाखवीत होते. सकाळच्या सरावात सिक्स्टनची गाडी चांगली पळाली. मग कॉफीची सुटी झाली. सिक्स्टन बॅटरी आणावयास गेला, आणि गुनवोरच्या दृष्टीस टेबलावरचा रिमोट पडला.

रिमोट चिकट होता. गुनवोरने ओल्या फडक्याने तो नीट पुसला, दातकोरणीने खाचांतील साखर काढली. पुसताना तिच्या ध्यानी आले की, त्यावरील चार पट्ट्यांपैकी तीन मध्यावर आहेत आणि एकच कडेला गेली आहे. चव्वेचाळीस वर्षे जिने काटे आणि चमचे एका रेषेत मांडले, तिच्या हातास हे कसे सहन व्हावे? तिने ती चौथी पट्टीही मध्यावर आणून ठेवली आणि समाधानाने एक गोड पाव खाल्ला.

"जुन्या गाड्या! अंतिम फेरी!" इंगेलाने कर्ण्यातून पुकारा केला. "आज उलट दिशेने, विसरू नका!"

हंगामाची शेवटची शर्यत उलट दिशेने धावायची, ही आमची रीत. एरवी बहुतेक वळणे डावीकडची असत. त्या दिवशी ती उजवीकडची होत.

चालक बाकावर ओळीने उभे राहिले. सिक्स्टनच्या डाव्या हातास अल्वार होता, जसा नेहमी असे. शिट्टी झाली. सिक्स्टनची गाडी सुटली आणि उजवीकडे निघाली.

"उजवीकडं ओढतेय!" सिक्स्टन ओरडला. "परवापर्यंत डावी... आज उजवी!"

"मग उजवीकडंच जायचंय ना आज?" खालून गुनवोर ओरडली. "जाऊ दे तिला!"

विचार करण्यास वेळ नव्हता. त्याने तिला जाऊ दिले. वळण आले की गाडी स्वतःच वळे, जणू शेकडो वेळा चाललेला शाळेचा रस्ता तिला पाठ आहे. सरळ रस्ता आला की मात्र सिक्स्टन दात आवळून तिला डावीकडे धरून ठेवी, आणि तो स्वतःही बाकावर डावीकडे कलत जाई, इतका की अल्वारच्या खांद्यास त्याचा खांदा लागे. तिसऱ्या फेरीत तो पहिला होता. दहाव्या फेरीतही पहिला होता. अल्वार त्याच्या मागे, एका गाडीच्या अंतरावर, शांतपणे वाट पाहत होता. त्याची ही वाट पाहण्याची पद्धत सिक्स्टनला फार परिचयाची होती. तिचा शेवट नेहमी एकच होत असे.

शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या. आणि मागून नीट पाहण्याची संधी मिळाल्याने अल्वारला सिक्स्टनची गाडी प्रथमच पूर्णपणे दिसली.

"सिक्स्टन," तो म्हणाला. "अरे, तुझी गाडी..."

"बोलू नको!"

"तुझी गाडी मान वळवून माझ्याकडं बघत बघत पळतेय रे!"

आणि अल्वारला हसू आले. ते साधे हसू नव्हते. घर आवरताना, कप गुंडाळताना, महिनाभर जे आत साठले होते ते सर्व त्या हसण्यातून बाहेर पडले. त्याचा चष्मा ओला झाला, हात हलू लागले, आणि एकतीस वर्षांत जी गाडी भिंतीस लागली नव्हती ती जाऊन लाकडी शिडीवर चढली. वळणावर उभ्या असलेल्या माणसाने ती उचलून सरळ केली. परंतु तोवर उशीर झाला होता. सिक्स्टनच्या गाडीने तिरप्या अंगाने रेषा ओलांडली.

असे कधी घडले नव्हते. मग सर्व व्यायामशाळा उभी राहिली. सिक्स्टन बाकावरून उतरला, आणि उतरल्यावरही थोडा डावीकडे कललेलाच होता.

दंडकाप्रमाणे त्यास मापांचा कागद भरावा लागला. तो सत्यवचनी मनुष्य असल्याने त्याने जे होते ते लिहिले: पुढचे डावे चाक साडेचार अंश, उजवे अर्धा अंश, मागची दोन्ही चाके डावीकडे. लोक वह्या घेऊन भोवती जमले.

"उजव्या वळणांसाठी मुद्दाम असं केलंस!" इंगेला म्हणाली. "काय डोकं आहे रे!"

"मुद्दाम नाही. सरळ जावी म्हणून केलं होतं."

थोर माणसे नम्रच असतात, असे मनाशी म्हणून तिने तो कागद उतरवून घेतला.

"आणि मी रिमोट पुसला, तेही लिही," गुनवोर म्हणाली.

"पुसण्यानं काय होतंय," सिक्स्टन प्रेमाने म्हणाला.

संध्याकाळी लोक पांगले. गालिचा गुंडाळण्याचे काम नेहमीप्रमाणे त्या दोघांकडे होते. अर्धा गालिचा गुंडाळून झाल्यावर अल्वार त्या गुंडाळीवर बसला.

"सिक्स्टन, मला एक सांगायचंय. मंगळवारी जातोय, म्हणून आज."

"सांग."

"माझ्याकडं कोनमापक नाही."

"हरवला?"

"कधीच नव्हता. मी चाकाकडं डोळ्यानं बघतो, बरं दिसेपर्यंत फिरवतो, संपलं. पहिल्या वर्षी जिंकलो, तर कागद भरायला लावला. म्हटलं, सगळ्यांपुढं कसं सांगू की मोजलंच नाही? घरी एक जर्मन मासिक होतं. त्यातले आकडे ठोकून दिले."

सिक्स्टन उभाच राहिला.

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी तू वही घेऊन फळ्यापुढं उभा होतास. एवढं मन लावून लिहीत होतास. त्यानंतर दर हंगामात तू कॉफीला यायचास आणि विचारायचास, दोनच का, सव्वादोन का नको. माझी बायको गेली त्या वर्षीसुद्धा आलास. मला वाटलं, खरं सांगितलं तर येणं बंद होईल." त्याने चष्मा काढून पुसला. "एकतीस वर्षं तू माझ्या थापा मोजत बसलास. म्हणून हरत होतास. मला माफ कर."

सिक्स्टनच्या मनात काय झाले, ते सांगणे कठीण आहे. प्रथम राग आला असावा. परंतु त्याच्या पाठोपाठ एक विलक्षण हलकेपणाही आला: म्हणजे दोष त्याच्या हातांत नव्हता, डोळ्यांत नव्हता, वयात नव्हता. दोष कागदात होता. तसे कोणी आधी सांगितले असते, तर कोण जाणे किती कप त्याच्या कपाटात असते.

"आण इकडं तुझी गाडी," तो म्हणाला. "खरं माप किती ते एकदा कळू दे."

अल्वारने गाडी व्यायामशाळेच्या उघड्या फरशीवर ठेवली. सिक्स्टन गुडघ्यांवर बसला. त्याने पितळी कोनमापक डाव्या चाकास लावला आणि दिव्याकडे वळून काटा वाचला. मग उजव्या चाकास लावला. मग पुन्हा डाव्या.

काटा दोनवर होता. दोन्हीकडे, पाव अंशाचाही फरक नाही. मागची चाके, दीड.

सिक्स्टन तसाच वाकून राहिला. गालिचा निघालेल्या फरशीवर जुन्या रेघा दिसत होत्या आणि गुनवोर दाराशी कोट घालून उभी होती.

"किती आहे?" अल्वारने विचारले. "फार चुकलंय का?"

सिक्स्टनने कोनमापक मिटून खिशात घातला.

"कुठल्या कुठं," तो म्हणाला. "कागदाशी काडीचा संबंध नाही. किती लबाड आहेस रे तू!"

"तरी मला वाटतच होतं!" अल्वार म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असे समाधान पसरले, की सिक्स्टनने पुढे काही न बोलता गालिच्याचे दुसरे टोक उचलले.